आधी कुत्रा, मग माणूस

दिवाळीतले किल्ले पूर्वी वाड्याच्या अंगणात होत असत, हल्ली ते सोसायटीच्या आवारात गाड्यांच्या रांगेशेजारी होतात, एवढाच काय तो फरक. आमच्या मानखुर्दच्या सोसायटीत किल्ल्याच्या वाट्याला आलेली जागा पाण्याच्या टाकीचे झाकण आणि स्कूटरींची रांग यांच्या मधली, फार तर चार हात लांब. त्यात आमची इमारत खाजणावर भराव घालून उभी राहिलेली. हातभर खणले की काळा, खारट चिखल लागतो. त्यात ना हळीव रुजत, ना बुरूज उभा राहत. म्हणून किल्ल्याची लाल माती रोपवाटिकेतून पोत्याने विकत आणावी लागते. १९९२ साली गाडी खाडीपुलावरून वाशीला जाऊ लागली, तोवर मानखुर्द हे हार्बर मार्गाचे शेवटचे स्टेशन होते. त्या काळी इथे बिऱ्हाड केले तेव्हा नातेवाईक विचारीत, “तिकडे माणसं राहतात का?” आता लाल मातीसुद्धा घरपोच येते.

यंदाची किल्लेदार आमची नात, वय वर्षे नऊ. बाजारातले रंगवलेले मावळे नकोत, मी माझे मीच करणार, असा तिचा हट्ट. मी शेजारच्या पायरीवर वर्तमानपत्र घेऊन पहाऱ्याला. चौथ्या मावळ्याला मुंडासे बांधता बांधता, मान वर न करता, तिने विचारले, “आजोबा, देवानं माणसं कशाला केली?”

माझा सारा जन्म हिशेबतपासणीत गेला. खर्चाची कोणतीही बाब पुढे आली की ‘कशासाठी?’ असे विचारायचे आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल खाली ठेवायची नाही, याचेच मला पगार मिळत असत. तेव्हा हा प्रश्न माझ्याच घराण्याचा. शिवाय निवृत्तीनंतर मला एक खोड लागली आहे. कुणी शब्दकोडी सोडवतो, कुणी शेअरबाजार पाहतो. मी देशोदेशीच्या सृष्टीच्या कथा वाचतो. म्हटले, चला, वाचलेले कुठेतरी खपेल.

प्रथम घरचे काढले. प्रजापतीने यज्ञासकट प्रजा निर्माण केली आणि सांगितले की तुम्ही देवांना तृप्त करा, देव तुम्हाला तृप्त करतील, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे, ते सांगितले.

“म्हणजे आपण त्यांना जेवायला घालायचं आणि त्यांनी आपल्याला?”

“हो.”

“मग आधी कोण जेवतं?”

याचे उत्तर आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून परस्पर आले. “आधी देव,” सौ. म्हणाली, “आणि नैवेद्य दाखवेपर्यंत करंजीला हात लावशील तर बघ.” ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी यज्ञ म्हणजे ज्याचा त्याचा स्वधर्म, असा अर्थ लावून आपली मोठीच सोय करून ठेवली आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीला स्वधर्म काय सांगणार? तिचा त्या वेळचा स्वधर्म मावळ्याला नाक चिकटवणे हा होता, आणि ते नाक काही केल्या चिकटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बाबिलोन काढले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तेव्हा दिवाळीची डब्यांची घासाघीस करीत होत्या. त्याही ऐकत होत्या. ही कथा मातीच्या पाट्यांवर लिहिलेली आहे. हम्मुराबी राजाचा खापरपणतू अम्मिसदूक याच्या अमदानीत एका लेखनिकाने तिची नक्कल केली, तिला आता साडेतीन हजारांहून अधिक वर्षे झाली. अत्राहसीस नावाच्या शहाण्या माणसाची ही कथा, पण सुरू होते ती माणूस नसतानाच्या काळात. देव आहेत, आणि देवांतही थोरले आणि धाकटे आहेत. थोरले बसून, धाकट्यांनी कालवे खणायचे. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचे पात्रसुद्धा त्यांनीच खणले. वर्षानुवर्षे मातीच्या पाट्या उचलून अखेर ते वैतागले. एके रात्री त्यांनी फावडी आणि टोपल्या पेटवून दिल्या आणि थोरल्या एनलिलच्या घराला वेढा दिला.

“संप!” मावशी म्हणाल्या. डबा घासायचा हात थांबला.

संपच. मोर्चाचा पुढारी कोण ते सांगा, असे एनलिलने विचारले. आम्ही सगळेच, असे उत्तर मिळाले. तेव्हा एंकी नावाच्या चतुर देवाने तोड काढली. एका देवाला मारून त्याचे रक्त आणि मांस मातीत कालवावे, आणि ती माती मळून एक नवा प्राणी करावा, म्हणजे देवांच्या डोक्यावरचा भार त्याच्या डोक्यावर जाईल. जन्मदेवतेने मातीचे चौदा गोळे केले. सात पुरुष झाले, सात बायका झाल्या, आणि देवांचे काम सुटले.

“म्हणजे संपवाल्यांच्या जागी बदली भरली,” मावशी म्हणाल्या.

त्यांचे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. सकाळी दारात उभे राहायचे, कुणी कायमचा कामगार गैरहजर असला तर आत जायचे, नाहीतर परत. १९८२ च्या संपात दारेच बंद झाली. त्यामुळे त्यांचा शब्द मला खोडता येईना. एवढे नेमके भाष्य मी कोणत्याही पंडिताच्या पुस्तकात वाचले नव्हते.

“आणि पगार?” त्यांनी विचारले.

पगाराचा उल्लेख पाट्यांत नाही, असे मी सांगितले. “मग बोनसचं नावच नको,” असे म्हणून त्या पुन्हा डब्याकडे वळल्या. सौ.ने दिवाळीचे पाकीट त्याच दिवशी त्यांच्या हातात ठेवले, आणि त्या दिवशी मला चहा जरा उशिराच मिळाला.

कथा पुढे मोठी आहे. माणसे वाढली, त्यांचा गलका वाढला आणि एनलिलची झोपमोड होऊ लागली. दुपारी मुले खाली खेळू लागली की आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागते. एनलिलने रोगराई लावली, मग दुष्काळ लावला आणि शेवटी महापूर आणला. पण पुरात माणसे बुडाली आणि देवच उपाशी पडले. नैवेद्य दाखवणार कोण? एक अत्राहसीस तेवढा नावेत वाचला होता. त्याने बाहेर येऊन होम केला, तेव्हा भुकेले देव त्यावर माश्यांसारखे जमले. आणि त्याआधी, पूर चढत असताना, जन्मदेवता रडली.

“कोण, जिनं माती मळली होती तीच ना?” नातीने विचारले.

“तीच.”

यावर ती काही बोलली नाही. मला वाटले, गोष्ट रंगली.

तिसरी संध्याकाळ स्वयंपाकघरात, चकलीच्या सोऱ्याशी. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या माया लोकांची ‘पोपोल वूह’ ही पोथी अठराव्या शतकाच्या आरंभी एका स्पॅनिश पाद्र्याने उतरून ठेवली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळते. तिथल्या देवांना हवे होते आपले नाव घेणारे, आपली आठवण ठेवणारे कुणीतरी. चिखलाची माणसे केली ती विरघळली. लाकडाची केली, ती चालली-बोलली, पण त्यांना काळीज नव्हते आणि देवांची आठवण नव्हती. तेव्हा त्यांच्या घरातली मडकी, तवे आणि पाटे-वरवंटेच त्यांच्यावर उठले, की इतके दिवस आम्हाला जाळलेत आणि घासलेत, आता आमची पाळी. (या ठिकाणी सौ.ने कढईकडे पाहिले.) शेवटी मक्याच्या पिठाची माणसे जमली, पण ती इतकी चांगली जमली की त्यांना सगळे जग दिसू लागले, म्हणून देवांनी त्यांच्या डोळ्यांवर धुके फुंकले. स्तुती हवी, पण बरोबरी नको. आमच्या तुकोबांनी हे बरोबर ओळखले होते. आम्ही पतित आहोत म्हणून तुला पावन हे नाव मिळाले, नाहीतर तुला विचारले असते कुणी, असे त्यांनी देवालाच ऐकवून ठेवले आहे.

“म्हणजे काम करायला नाहीतर छान छान म्हणायला,” नात म्हणाली आणि ताटातली चकली तशीच ठेवून बाहेर गेली.

त्या रात्री अंथरूण घालताना सौ. म्हणाली, “अहो, तुम्ही तिला बाबिलोन काय सांगत बसला आहात? ती देवाबद्दल विचारत नाही आहे.”

वाचकहो, आमच्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी मी या सदरात पुष्कळ लिहिल्या. एक लिहिली नव्हती. ती आता लेकीला विचारून लिहितो. आमची नात आमच्या घरी आली तेव्हा अडीच वर्षांची होती. लेक आणि जावई यांनी तिला रीतसर दत्तक घेतले. यात लपवण्यासारखे काही नाही आणि तिच्यापासून आम्ही ते कधी लपवलेही नाही. ती घरी आली त्या तारखेला दर वर्षी आमच्याकडे शिरा होतो. पण गेल्या आठवड्यात फराळाच्या ऑर्डरीची विचारपूस करायला आलेल्या एक ओळखीच्या बाई तिच्यासमोरच लेकीला म्हणाल्या, “बरं केलंस हो. म्हातारपणाची सोय झाली.”

बाई मनाने वाईट नाहीत. शब्द टाकून त्या निघून गेल्या. तो शब्द उचलला मात्र मुलीने.

आणि मी त्या बाईंवर रागावणार तरी कोणत्या तोंडाने? लेकीने हा विचार प्रथम घरात बोलून दाखवला तेव्हा हिशेबनिसाने काय विचारले होते? “कशासाठी?” हेच. तुम्ही दोघे सुखी आहात, नोकऱ्या आहेत, मग हा व्याप कशासाठी? लेक म्हणाली होती, “बाबा, मला जन्माला घातलंत तेव्हा कशासाठी ते कुठे लिहून ठेवलं होतं?” मी चप्पल घालून स्टेशनापर्यंत फिरून आलो आणि नंतर जवळजवळ महिनाभर त्या विषयावर बोललो नाही. सौ.ने तो महिना माझ्याशी कसा काढला, ते तिचे तीच जाणे.

झोप लागेना, तेव्हा उपनिषदांची पोथी काढली. बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायात, एकाच प्रकरणात, दोन गोष्टी जवळजवळ आहेत. आरंभी तो एकटाच होता आणि त्याला भीती वाटली. मग त्याने विचार केला की दुसरे कुणी नाहीच, तर भ्यायचे कुणाला? भीती गेली, पण करमेना. म्हणून त्याला दुसरे कुणीतरी हवेसे झाले. किती साधे! रिकाम्या घरात राहिलेल्या कुणालाही कळेल. पण थोडे पुढे जावे, तर तेच उपनिषद रोखठोकपणे सांगते की अज्ञानी माणूस म्हणजे देवांचे गुरूढोर. एक जनावर गेले तरी मालकाला दुःख होते, मग पुष्कळ गेली तर काय? म्हणून माणसांना ज्ञान झालेले देवांना रुचत नाही. आमच्या ऋषींनी देवांची अशी झडती घ्यावी आणि आपण ती पोथी सोवळ्यात गुंडाळून ठेवावी, हीही मौजच.

ऐतरेयातली कथा मला सगळ्यांत आवडते. देवता निर्माण झाल्या, पण त्यांना राहायला जागा नव्हती आणि पोटाला अन्न नव्हते. आम्हाला घर दे, म्हणाल्या. गाय दाखवली, ही पुरेशी नाही. घोडा दाखवला, हाही नाही. मग माणूस दाखवला, तेव्हा म्हणाल्या, हे चांगले झाले! आणि बिऱ्हाडे आत शिरली. अग्नी वाणी होऊन तोंडात, वारा श्वास होऊन नाकात, सूर्य डोळ्यांत, दिशा कानांत, चंद्र मन होऊन हृदयात. मागे राहिलेल्या भूक आणि तहान म्हणाल्या, आमचे काय? त्यांना सांगितले, तुम्ही या सगळ्यांच्या वाट्यात भागीदार. मुंबईत जागा शोधलेल्या माणसाला ही कथा दोनदा वाचावी लागत नाही. पण त्या रात्री मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. गडी हवा होता, स्तुतिपाठक हवा होता, सोबत हवी होती, जागा हवी होती. हरेक कथेत देवाची काही गरज आणि माणूस तिचा तोडगा. म्हातारपणाची सोय या शब्दांत आणि यात अंतर ते किती? सकाळी त्या मुलीसमोर यातले काय ठेवायचे, ते मला सुचेना.

सकाळी पाहतो तो किल्ल्याची दुर्दशा. रात्री कुणीतरी मोटारसायकल वळवताना मागचे चाक थेट बालेकिल्ल्यावरून नेले होते. सात मावळ्यांचा लगदा. तिने न बोलता पुन्हा केले. संध्याकाळी सामान पोचवणाऱ्या एका घाईतल्या पोऱ्याने ते दुसऱ्यांदा सपाट केले. आता मात्र ती पायरीवर येऊन माझ्याशेजारी बसली. रडली नाही, पण हाताची माती वाळेपर्यंत नुसती बसून राहिली. आणि मला एकदम मेळघाट आठवला.

अमरावती जिल्ह्यात चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांत कोरकू लोक राहतात. त्यांची बोली मराठीची नव्हे नि हिंदीचीही नव्हे. तिचे नाते लांब पूर्वेकडच्या मुंडारी-संथाळीशी. त्यांची जन्मकथा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली छापलेल्या, मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या चार खंडांच्या ग्रंथात आहे. ती मी तिला सांगितली.

विंध्य आणि सातपुड्याचे डोंगर ओसाड होते. ते पाहून रावणाने, हो, आपल्याच रावणाने, महादेवाला विनंती केली की इथे वस्ती कर. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला पाठवले, की लाल मातीचे वारूळ शोधून काढ. कावळ्याला ते बैतूलच्या डोंगरांत सापडले. महादेव तिथे गेला, मूठभर लाल माती घेतली आणि एक पुरुष आणि एक बाई अशा दोन मूर्ती केल्या. तोच इंद्राने पाठवलेले दोन आगीचे घोडे जमिनीतून निघाले आणि मूर्ती तुडवून त्यांची धूळ केली.

“मग?” ती सरसावून बसली.

महादेवाने पुन्हा केल्या. पुन्हा घोडे आले. दोन दिवस असेच. तो करी आणि ते तुडवीत. शेवटी महादेवाने माणसे करायचे थांबवले आणि त्याच मातीचा एक कुत्रा केला, त्यात प्राण फुंकला. कुत्र्याने घोड्यांना हाकलून लावले. मग महादेवाने निवांतपणे दोन्ही माणसे घडवली, त्यांना जीव दिला आणि नावे ठेवली, मुला आणि मुलाई.

“त्यांना काम काय दिलं?”

मी आठवून पाहिले. “काम दिल्याचं कुठे वाचलं नाही बुवा. उलट त्यानंच त्यांच्यासाठी झाडं केली. पांघरायला पानं, खायला मोहाची फुलं, चारोळी. पुढे त्यांना मुलंबाळं झाली, तेव्हा त्यांनी त्याला परत बोलावून घेतलं आणि म्हणाली, आम्हाला धान्यही पाहिजे. तर त्यानं तेही शोधायला कावळ्याला पाठवलं.”

“मग महादेवाला काय मिळालं?”

“दोन दिवसांचा ताप.”

ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा. समोर वाशीची गाडी खाडीकडे निघाली होती. तिचा आवाज लांब जाईपर्यंत मी थांबलो आणि मग जे सांगायचे ते सांगून टाकले. म्हटले, तुझ्या आईबाबांना दोन दिवस नाही, दोन वर्षं लागली. कागद गोळा केले, चौकश्या झाल्या, वाट पाहिली. होत आलेलं दोनदा लांबलं. दोन्ही वेळा तुझी आई एक दिवस अंथरुणात तोंड झाकून पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा कागदांच्या मागे लागली.

“आणि घोडे?”

“त्यातला एक घोडा मी होतो,” मी म्हणालो. “मी कशाला म्हणून विचारलं होतं.”

तिने माझ्याकडे नीट पाहिले. हिशेबतपासनिसाकडे असे कुणी पाहत नाही.

“मग कुत्रा कोण होतं?”

“तुझी आजी.”

(हे सौ.ला अजून सांगितलेले नाही. अंक छापून येईल तेव्हा तिला कळेलच. तोवर फराळाचे डबे भरून झालेले असतील.)

ती उठली. पोत्यात तळाशी राहिलेली माती तिने काढली, पाणी घातले आणि त्या संध्याकाळी मावळे बाजूला ठेवून नुसता कुत्रा केला. चांगला नारळाएवढा, शेजारी उभे राहिले तर महाराज त्याच्या गुडघ्याला लागतील. स्कूटरींकडे तोंड करून त्याला बसवला आणि पुठ्ठ्यावर ‘सावधान’ असे लिहून त्याच्या गळ्यात अडकवले. रात्री मी मुद्दाम खिडकीशी बसून पाहिले. घाईतला पोऱ्या आला, दिव्याच्या उजेडात त्याला कुत्रा दिसला, तो दचकला आणि लांबून वळसा घालून गेला.

सकाळी मावळे पुन्हा उभे राहिले. आठवा मावळा संपता संपता तिने उरलेला गोळा माझ्या हातावर ठेवला.

“आजोबा, तुम्ही घोडा करा.”

“घोडा?”

“हो. पण बसलेला.”

मातीत हात घालून मला साठ वर्षे झाली असतील. घोड्याची म्हैस झाली, असे सौ.चे मत पडले. मान तर दोनदा गळून आली. तरी तिने तो घेतला, दिंडी दरवाजातून आत नेला आणि विहिरीजवळ ठेवला. मग कुत्र्याचे तोंड उचलून थोडे आतल्या बाजूला फिरवले.